निळीचे देणे

माझ्यावर एका मडक्याचे आणि मूठभर निळीचे देणे आहे. मडके मी फोडले होते, आणि नीळ आणून देईन असा शब्द दिला होता. ज्या बाईचे हे देणे आहे तिचे खरे नाव मला कधी कळलेच नाही. सारी गल्ली तिला 'इया अलारो' म्हणे. योरुबा भाषेत इया म्हणजे आई आणि अलारो म्हणजे निळीचे काम करणारी. गाव ओशोग्बो, देश नायजेरिया. ही गोष्ट १९८१ सालची. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो.

वर्गात कधी बोलण्याच्या ओघात आफ्रिकेचा विषय निघाला की विद्यार्थी मला विचारतात, "सर, तुम्ही खरंच तिकडे राहिला होता?" मी हो म्हणतो आणि धड्याकडे वळतो. जे सांगायचे ते दोन मिनिटांत सांगून होण्यासारखे नसते. या वर्षी संपादकांनी लेख मागितला तेव्हा मनाशी म्हटले, आता एकदा सांगून टाकू.

१९७०च्या दशकात नायजेरियात तेलाचा पैसा आला आणि गावोगाव शाळा निघाल्या. इमारती उभ्या राहिल्या, पण शिकवायला माणसे पुरेनात. म्हणून आपल्याकडचे पुष्कळ शिक्षक तिकडे गेले. आमचे अण्णा गणिताचे शिक्षक. १९७९ साली तेही कराराने गेले आणि मागोमाग आई, मी आणि धाकटी बहीण गेलो. लागोसहून मोटारीने इबादान, आणि तिथून ईशान्येला ओशोग्बो. वाटेत तांबड्या मातीचे रस्ते, कोकोची झाडे, आणि डोक्यावर टोपल्या घेऊन ताठ मानेने चाललेल्या बायका. आई मोटारीच्या काचेला नाक लावून बघत होती. ती एवढेच म्हणाली, "पाण्याची घागर नेणाऱ्या बायका सगळीकडे सारख्याच दिसतात."

ओशोग्बो तेव्हा ओयो राज्यात होते. १९९१ साली वेगळे ओशुन राज्य झाले आणि हे गाव त्याची राजधानी झाले. मी पाहिले तेव्हा तरी ते गंजक्या पत्र्यांच्या छपरांचे, मोठ्या बाजाराचे, रेल्वे स्टेशन असलेले एक नांदते गाव होते. लोक आम्हांला 'ओयिन्बो' म्हणत. हा शब्द खरा गोऱ्या माणसासाठी. आपण कुणाला गोरे वाटू अशी कल्पना आमच्या घरात कुणीच केली नव्हती!

तिथे पहिली गोष्ट शिकलो ती नमस्काराची. योरुबा लोकांत प्रत्येक वेळेचा आणि प्रसंगाचा नमस्कार निराळा. सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा, प्रवासाहून आलेल्याचा वेगळा, आणि काम करीत असलेल्या माणसासाठी तर खास वेगळा. कुणी काम करीत असेल आणि तुम्ही जवळून जात असाल, तर 'एकुषे' म्हणायचे. तुमच्या कामाला नमस्कार, असा काहीसा त्याचा अर्थ. न बोलता निघून जाणे हा उद्धटपणा. वडीलधाऱ्यांपुढे मुलींनी गुडघे टेकायचे आणि मुलांनी पार जमिनीवर लोटांगण घालायचे. दंडवताची रीत घरातच असल्याने आम्ही या परीक्षेत लवकर पास झालो.

आमच्या घरामागच्या अंगणात इया अलारोचे छप्पर होते. छपराखाली सात-आठ मोठी मातीची मडकी ओळीने मांडलेली. अंगणात दोऱ्यांवर कापडे वाळत. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे, नखे तर जवळजवळ काळी. सुरुवातीला आईला वाटले, बाईला काही रोग आहे. वास मात्र सहन होत नसे. आंबलेल्या पाल्याचा तो उग्र दर्प वाऱ्याबरोबर स्वयंपाकघरात शिरे. आई खिडकी लावून घेई. पण शेजारधर्म दोघींनाही ठाऊक होता. इयाने एके दिवशी पानात बांधून 'अकारा' पाठवला. आईने तो मोडून पाहिला, चाखला आणि आनंदाने ओरडली, "अहो, हे तर चवळीचे वडे!" खरोखरच ते चवळी वाटून तळलेले वडे होते. त्या दिवसापासून खिडकी उघडी राहू लागली.

आता मडक्याची गोष्ट. अण्णांनी एक जुनी सायकल घेतली होती. मी नळीखालून पाय घालून ती चालवायला शिकत होतो. उतारावर तोल गेला आणि मी सायकलीसकट इयाच्या छपरात घुसलो. राखेचे एक मडके दुसऱ्या मडक्यावर ठेवलेले होते. ते कोसळले ते शेजारच्या रंगाच्या मडक्यावर. दोन्ही फुटली. हिरवट निळे पाणी तांबड्या मातीवरून वाहत गेले, आणि मी त्यात बसून रडू लागलो. लागले होते गुडघ्याला, पण रडत होतो भीतीने.

आई पैसे घेऊन धावली. इयाने पैशांकडे पाहिलेही नाही. ती बराच वेळ त्या ओल्या मातीकडे पाहत उभी होती. आठवडाभर मुरवलेला रंग होता, आणि बाजाराचा दिवस तोंडावर आला होता. मग तिने मला उठवले, तोंड धुवायला लावले आणि ओट्यावर शेजारी बसवून गोष्ट सांगितली. योरुबा अर्धेमुर्धे कळत होते. उरलेले तिच्या थोरल्या मुलाने इंग्रजीतून सांगितले.

फार पूर्वी लारोये आणि तिमेहिन नावाचे दोन पुढारी आपल्या माणसांना घेऊन पाण्याच्या शोधात निघाले. जुन्या गावी दुष्काळ पडला होता. चालता चालता घनदाट रानात त्यांना नदी लागली. मुक्कामासाठी त्यांनी एक झाड तोडले, ते थेट नदीत पडले. तेव्हा पाण्यातून आवाज आला: रानातल्या जादूगारांनो, तुम्ही माझी रंगाची सगळी मडकी फोडलीत! तो आवाज ओशुन देवीचा. त्या आवाजातल्या 'ओशो इग्बो', म्हणजे रानातले जादूगार, या शब्दांवरून गावाला ओशोग्बो नाव पडले असे तिथले लोक सांगतात. देवी रागावली खरी, पण तिने त्यांना हाकलून दिले नाही. थोडे वर सरकून वस्ती करा, माझे रान राखा, वर्षातून एकदा माझी आठवण ठेवा, मी तुमचे रक्षण करीन, असा करार झाला. लारोयेने नदीला नैवेद्य दाखवला तेव्हा एक मासा वर आला आणि त्याने हात पुढे करून तो घेतला. म्हणून तिथल्या राजाला आजही 'आताओजा' म्हणतात, म्हणजे हात पसरून मासा घेणारा.

गोष्ट संपवून इया म्हणाली, "या गावाची सुरुवातच मडकी फोडून झालीय. फोडणाऱ्याला इथे मारत नाहीत. कामाला लावतात."

आणि तिने मला कामाला लावले. दर शनिवारी शेजारच्या चुलींतली राख डब्यात गोळा करून आणायची, हा माझा दंड. आधी लाज वाटली, मग गोडी लागली. तीनचार महिन्यांत ते सारे काम माझ्या डोळ्यांखालून गेले.

तिकडची नीळ आपल्या निळीसारख्या झुडपाची नव्हे, 'एलू' नावाच्या वेलीची. तिची कोवळी पाने उखळात कुटायची, त्याचे गोळे वळायचे आणि उन्हात वाळवायचे. बाजारात हे काळपट गोळे ढिगांनी मिळत. तळाला भोके असलेल्या मडक्यात राख भरायची आणि वरून पाणी ओतायचे. खालच्या मडक्यात थेंब थेंब खारे पाणी उतरते. त्या पाण्यात निळीचे गोळे भिजवून तोंड झाकून ठेवायचे. आठवडाभराने रंग 'पिकतो'. पिकला की नाही हे इया बोट बुडवून, वास घेऊन आणि कधी जिभेला लावून ठरवी. कापड त्यात बुडवून वर काढले की आधी हिरवट पिवळे दिसते. वारा लागला की पाहता पाहता निळे होते. मी तो बदल शंभरदा पाहिला असेन, पण दरवेळी नवल वाटे. पुढे रसायनशास्त्राच्या सरांनी ऑक्सिडेशन समजावून सांगितले तेव्हा वर्गात एकटा मीच हसलो होतो.

या कापडाला 'आडिरे' म्हणतात. 'आडी' म्हणजे बांधणे आणि 'रे' म्हणजे रंगात बुडवणे. कापड गाठी मारून रंगवले तर ते 'ओनिको'. ही आपली बांधणीच. दुसरा प्रकार 'एलेको'. त्यात कसाव्याच्या पिठाची खळ तुरटी आणि मोरचूद घालून शिजवतात आणि कोंबडीच्या पिसाने पांढऱ्या मांजरपाटावर नक्षी काढतात. जिथे खळ बसते तिथे रंग धरत नाही. वाळल्यावर खळ खरवडून काढली की गडद निळ्यावर फिकी नक्षी उमटते. नक्ष्यांना नावे असत. 'ओलोकुन' ही समुद्राच्या देवतेच्या नावाची. 'इबादान दुन', म्हणजे इबादान गोड आहे, या नक्षीत इबादानच्या मापो हॉलचे खांब काढलेले. मापो हॉल हे इंग्रजांच्या काळातले कचेरीचे सभागृह, १९२९ सालचे. पाचव्या जॉर्ज राजाच्या १९३५ सालच्या रौप्यमहोत्सवाचीही एक नक्षी होती. मी अण्णांना विचारले, "हे तर जुने परंपरेचे काम ना? मग यात साहेबाचा राजा कसा?" अण्णा म्हणाले, "ज्यांच्या अंगणातून राजा गेला, त्या बायकांनी त्याला पण खळीत घातला!"

मडक्यांजवळ भांडायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही, हा इयाचा नियम. रंगाऱ्या आणि कुंभारणींची देवता इया मापो, तिला भांडण आवडत नाही म्हणे. इया अलारो स्वतः मुसलमान, रमजानचे रोजे धरणारी. पण इया मापोच्या नावाने चार शब्द पुटपुटल्याशिवाय ती मडक्याचे तोंड उघडत नसे, आणि ऑगस्टमध्ये ओशुनचा उत्सव आला की दुकान बंद ठेवून नदीवर जाई. याचे तिला काही विशेष वाटत नव्हते. आम्हांलाही वाटले नाही. आपल्याकडे पिराला नवस बोलणारी माणसे आम्ही पाहिलेली होती.

१९८२च्या उत्सवाला ती आम्हांला घेऊन गेली. बारा दिवसांचा हा उत्सव. आधी एका रात्री सोळा वातींचा दिवा पेटवतात. शेवटच्या दिवशी राजघराण्यातली एक कुमारिका देवीच्या नैवेद्याचा भोपळा डोक्यावर घेऊन नदीवर जाते. तिला 'अरुग्बा' म्हणतात. ती वाटेत अडखळू नये म्हणून सारे गाव श्वास रोखून असते. ढोल वाजत होते, धूळ उडत होती आणि ती मुलगी कापडाच्या आडोशाखाली झाकलेली, नजर खाली ठेवून चालली होती. माझ्याहून फार मोठी नसावी.

नदीकाठचे ते रान पाहून आई थबकली. तिचे माहेर कोकणातले. ती हळूच म्हणाली, "अरे, ही तर देवराई!" खरोखर देवराईच. तीच सावली, तोच गारवा, फांदी तोडायची नाही, मासा मारायचा नाही हाच कायदा. फरक एवढाच की या रानात झाडांमधून सिमेंटच्या आणि मातीच्या प्रचंड मूर्ती उभ्या होत्या. हात पसरलेल्या, डोळे वटारलेल्या, भिंतींतून वळसे घेत वर चढणाऱ्या. मी तर घाबरून इयाचा हात धरला.

मला वाटले, त्या शेकडो वर्षांच्या जुन्या असतील. इया हसली आणि म्हणाली, "तुझ्याहून थोड्याच मोठ्या असतील." मग तिने गर्दीत उभी असलेली एक बारीकशी गोरी म्हातारी दाखवली. डोळ्यांत जाड काजळ, अंगावर आडिरेचे कापड. लोक तिला वाकून नमस्कार करीत होते. तिला 'अदुन्नी' म्हणत.

ती सुझान वेंगर. १९१५ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी जन्मली, चित्रकार झाली, आणि १९५० साली पती उली बायर यांच्याबरोबर नायजेरियात आली. बायर इबादानच्या विद्यापीठात शिकवीत. ती गंभीर आजारी पडली, बरी झाली, आणि योरुबा दैवतांच्या पुजाऱ्यांकडे शिकू लागली. पुढे स्वतः पुजारीण झाली. ती ओशोग्बोला आली तेव्हा हे रान ओसाड पडू लागले होते. झाडे तोडली जात होती, देवळांच्या भिंतींना वाळवी लागली होती, पूजेला माणसे राहिली नव्हती. तिने गवंडी आणि सुतार हाताशी धरले आणि एकेक देऊळ उभे करायला घेतले. अदेबिसी अकांजी हा मूळचा गवंडी, त्याने सिमेंटच्या मूर्ती घडवल्या. बुराइमो ग्बादामोसी दगडावर काम करी. १९६५ साली या रानाच्या भागाला राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षण मिळाले.

त्याच सुमारास गावात आणखी एक गोष्ट घडली. १९६२ साली बायर आणि नाटककार डुरो लाडिपो यांनी इथे कलावंतांचा एक क्लब काढला. इबादानच्या क्लबाचे नाव होते 'म्बारी'. हा इग्बो भाषेतला शब्द. ओशोग्बोच्या लोकांना तो परका. त्यांनी त्याचा आपल्या भाषेत 'म्बारी म्बायो' करून टाकला, म्हणजे पाहीन तर आनंदून जाईन! तिथल्या कार्यशाळांतून शिकलेले किंवा अर्धवट शिकलेले तरुण चित्रकार होऊन बाहेर पडले. ट्विन्स सेव्हन सेव्हन, जिमो बुराइमो, मुराइना ओयेलामी ही त्यांतली नावे. लाडिपोचे 'ओबा कोसो' हे नाटक १९६४ साली बर्लिनपर्यंत गेले.

हे सगळे मला अर्थातच नंतर वाचून कळले. तेव्हा एवढेच कळले की परदेशातून आलेली एक बाई दुसऱ्याची मोडलेली देवळे बांधते आहे, आणि गावाला त्याचा राग आलेला नाही. काही पंडितांनी पुढे आक्षेप घेतला की हे खरे योरुबा शिल्प नव्हे, त्यात परक्या हाताची छाया आहे. आक्षेप अगदीच खोटा नाही. मूर्ती पाहून मला जुने काही वाटले होते खरे, पण त्या जुन्यासारख्या मुळीच नव्हत्या. मात्र त्या नसत्या तर आज ते रान नसते, घरे असती. हे दोन्ही मला एकाच वेळी खरे वाटते, आणि त्यातले एक सोडून देता येत नाही.

परतताना आईने नदीचे पाणी औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत भरून घेतले. इयाने विचारले, "तुमच्या देवाला चालेल?" आई म्हणाली, "त्याला कोणत्याही नदीचं चालतं."

आता निळीचे देणे. एकदा आई पांढरे कपडे धूत होती आणि शेवटच्या पाण्यात तिने भारतातून आणलेली नीळ घातली. इया तिथेच होती. मी ऐटीत सांगितले, "आमच्याकडेही नीळ असते. पाहा!" इयाने ती पूड चिमटीत घेतली, वास घेतला आणि नाक मुरडले. "याला वास नाही," ती म्हणाली, "याच्यात जीव नाही. हा फक्त रंग आहे." मग अण्णांनी तिला सांगितले की खरी नीळ भारतात फार जुनी, इंग्रजी 'इंडिगो' हा शब्दच आमच्या देशाच्या नावावरून आला. इयाचे डोळे चमकले. माझ्या खांद्यावर आपला निळा हात ठेवून ती म्हणाली, "मग तू देशी जाशील तेव्हा मला तुमची नीळ पाठव. मूठभर पुरे. माझ्या मडक्यात ती काय करते ते बघते. मडक्याची फेड होईल."

मी शब्द दिला. अकरा-बारा वर्षांचा मुलगा देतो तसा, ताबडतोब आणि मनापासून.

१९८३ मध्ये आम्ही परतलो. तेलाचे भाव पडले होते, पगार वेळेवर होत नव्हते, घरी पैसे पाठवणे अवघड झाले होते. निघण्याच्या दिवशी इयाने आईला 'इबादान दुन'चे एक कापड दिले आणि मला एवढेच म्हणाली, "मूठभर."

इकडे आल्यावर मी नीळ शोधू लागलो. वाण्याकडे गेलो, त्याने कपड्यांची नीळ दिली. रंगाऱ्याकडे गेलो, त्याच्याकडे डब्यातला तयार रंग होता. आमच्या तालुक्याच्या गावी झाडाची नीळ पाहिलेला माणूस मला भेटला नाही. शाळेत चंपारण्य शिकवले, १९१७ सालचा गांधीजींचा लढा, नीळ पिकवायची सक्ती आणि शेतकऱ्यांचे हाल. मी सरांना विचारले, "मग ती नीळ आता कुठे आहे?" सर म्हणाले, "ती केव्हाच गेली. जर्मनांनी कारखान्यात बनवली." १८९७ साली जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि नंतरच्या काळात आपल्याकडची लागवड आटत गेली. त्या पिकाखाली किती माणसे भरडली गेली हे आठवले की ती गेली याचे वाईट वाटू नये. तरी मला वाटले. माझ्या पुढ्यात एका बाईचा पसरलेला हात होता.

गंमत अशी की तीच कृत्रिम नीळ योरुबा मुलखातही पोहोचली होती. आबेओकुटा हे आडिरेचे मोठे गाव. १९३०च्या दशकात तिथल्या रंगाऱ्या बायकांनी कृत्रिम नीळ आणि कॉस्टिक सोडा वापरायला सुरुवात केली, कारण काम झटपट होई. कापडाचा दर्जा घसरल्याची ओरड झाली, बाजार बसला, राजाने बंदी घातली आणि बायका तिच्याविरुद्ध भांडल्या. म्हणजे जुने राखावे की नवे घ्यावे हा वाद पंडितांच्या आधी त्या बायकांच्या अंगणात होऊन गेला होता. इयाने नव्या रंगाला 'जीव नाही' म्हटले त्यामागे तेवढा इतिहास होता. मला ते फक्त नाक मुरडणे वाटले होते.

तामिळनाडूत झाडाची नीळ अजून थोडीफार होते हे मला कळले तेव्हा मी कॉलेजात शिकवू लागलो होतो. त्याआधी १९८५ साली मी एक पत्र धाडले होते. पत्ता लिहिला: इया अलारो, अमुक शाळेमागे, ओशोग्बो. उत्तर आले नाही. तिला वाचता येत नव्हते हे मला पत्र पेटीत टाकल्यावर आठवले.

पुढच्या बातम्या तुकड्यातुकड्यांनी येत गेल्या. आम्ही निघालो त्याच वर्षी, १९८३ साली, निके डेव्हिस-ओकुंडाये या बाईने ओशोग्बोत कलाकेंद्र काढले आणि गरीब मुलींना फी न घेता आडिरे शिकवायला सुरुवात केली. ती स्वतः ट्विन्स सेव्हन सेव्हनच्या अनेक बायकांपैकी एक होती. त्या घरातून बाहेर पडून तिने हे उभे केले. २००५ साली ओशुनचे रान जागतिक वारशाच्या यादीत गेले. सुमारे ७५ हेक्टर रान. गुलामांच्या जहाजांतून अटलांटिकपार गेलेल्या योरुबांनी ओशुनला ब्राझील आणि क्यूबात नेले होते. आता तिथले भाविक या नदीवर येऊ लागले. २००९च्या जानेवारीत अदुन्नी वारली, त्र्याण्णव वर्षांची होऊन, ओशोग्बोतच. बाजारात मात्र परदेशात यंत्रावर छापलेले, आडिरेसारखे दिसणारे स्वस्त कापड आले. पिसाने नक्षी काढणारीला त्याच्याशी भावात टक्कर देणे कठीण आहे.

आणि मग २०२२ साली एक चित्रफीत पाहिली. ओशुन नदी. तोच काठ, त्याच मूर्ती, पण पाणी तपकिरी, चिखलासारखे. वरच्या अंगाला सोन्यासाठी बेकायदा खाणी खणल्या गेल्या होत्या आणि त्यांचा गाळ नदीत उतरत होता. उत्सवाच्या तोंडावर सरकारला लोकांना सांगावे लागले की हे पाणी पिऊ नका. तरीही माणसे काठाशी वाकून डबे भरत होती. ज्या देवीने मडकी फुटली म्हणून आवाज दिला, तिच्या घरात आता सोने धुतले जात होते.

मी ती फीत आईला दाखवली. ती तेव्हा ऐंशीच्या घरात होती, दृष्टी मंदावलेली. "पाऊस झाला असेल," ती म्हणाली. मी सांगितले, पाऊस नव्हे. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कुणीतरी कामाला लावलं पाहिजे त्यांना."

मला एकदम इयाचे छप्पर दिसले आणि तांबड्या मातीवरून वाहणारे ते हिरवट पाणी. मडके फोडणारा मी एकटा होतो, मी समोर होतो, आणि मला चारजणांच्या चुलींतली राख गोळा करता येत होती. नदी फोडणारे कोण, ते कुठे राहतात, त्यांना कोणता डबा हातात द्यायचा? ओशोग्बोची माणसे फुटलेले पुन्हा घडवण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज आहेत. रान त्यांनी वाचवले, आडिरे मरू दिली नाही. पण प्रत्येक वेळी कुणीतरी एक माणूस चार माणसांना घेऊन मडक्यापाशी बसला होता. नदीपाशी किती माणसांनी बसायचे हे मला कळत नाही. आपल्या गावची नदी आठवून पाहा, म्हणजे हा प्रश्न फार लांबचा नाही हे ध्यानात येईल.

आई मागच्या वर्षी गेली. तिच्या देव्हाऱ्यात गंगाजलाच्या गडूशेजारी औषधाची ती जुनी बाटली होती, बुचावर मेण लावलेली. तळाशी बोटभर पाणी उरले आहे. मी ती खिडकीशी धरून पाहिली. पाणी स्वच्छ आहे.

गेल्या पावसाळ्यात निळीचे बी मागवून परसात चार रोपे लावली आहेत. दोन जगली. पाने भिजवून रंग काढण्याचा एक प्रयत्न फसला, वासाने शेजारी तक्रार घेऊन आले. त्यांना मी चवळीचे वडे पाठवले. पुन्हा करून पाहणार आहे. इया अलारो आज असण्याचा संभव नाही, असली तर शंभरीला टेकली असेल. मूठभर नीळ तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. पण त्या गावात अजून कुणीतरी बाई मडक्याशी वाकलेली असेल, हात कोपरापर्यंत निळे असतील. तिच्याजवळून जाताना काय म्हणायचे ते मी विसरलेलो नाही.

एकुषे, इया.